घोडीची गळती

चहा संपला तरी मिस्त्री रिकामा कप हातात धरून बसायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या बिजागरीचा आवाज ऐकायचे. ती कुरकुरली तर बोलणं अर्ध्यात सोडून खिशातून नाकात औषध घालायची छोटी बाटली काढायचे आणि तेलाचा थेंब सोडायचे. इंजिनातून काढलेले बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून, निघाले त्याच क्रमाने खोचून ठेवायचे. इंजिन ऐकताना डोळे मिटायचे आणि तोंड उघडं ठेवायचे. तोंड उघडं असलं की कान मोठे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. फोनवर बोलताना कधी बसायचे नाहीत. चिडले की शिवी द्यायचे नाहीत, हातातला पाना चिंधीने पुसायचे. फारच चिडले तर पुसलेला पाना पुन्हा पुसायचे. गाडीला 'बाई' म्हणायचे आणि बायकोला 'अगं'. कधी चुकून उलट झालं, की त्या दिवशी घरात भांड्यांचा आवाज जास्त यायचा.

अशा माणसाचे शेवटचे काही महिने एका गळतीने खाल्ले.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड. मागच्या भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे, मधोमध जमिनीत खड्डा. माणूस त्या खड्ड्यात उतरला की गाडीचं पोट डोक्यावर यायचं. शेजारी गाड्या रंगवणाऱ्या पेंटरचं दुकान. दोघांच्यात पत्र्याची एक भिंत होती आणि पेंटरला त्या भिंतीपलीकडून बोलायची सवय होती. आधी आवाज यायचा, मग थोड्या वेळाने माणूस.

मिस्त्रींचा एकच कडक नियम होता. मळकी गाडी आत घ्यायची नाही. उघड्या इंजिनात धुळीचा कण गेला की केलेलं काम मातीत जातं, हे त्यांनी तरुणपणी एकदा भोगलं होतं. कोपऱ्यावर नळ होता. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याला आधी तिकडे पाठवलं जाई.

"खालूनही धुवा," मिस्त्री सांगायचे. "नुसतं तोंड धुऊन पाहुण्याकडे येऊ नये."

लोकांना सवय झाली होती. गावाबाहेरून येणारेसुद्धा गाडी धुऊनच आणत. सगळ्यात चकचकीत गाडी आणायची ती त्यांची धाकटी बहीण.

ती आरोग्य केंद्रात नर्स होती. सगळा गाव तिला सिस्टर म्हणे. मिस्त्री तिला 'चिमे' म्हणत. ती आता चाळिशी ओलांडून चष्म्याला आली होती, तरी चिमेच. केंद्राची एक जुनी डिझेल गाडी होती, चारही चाकांना जोर लागणारी. वरच्या डोंगरावरच्या वस्त्यांना रस्ता नव्हता. दगड होते, मध्ये ओढा होता आणि त्यापुढे पीठ उडावं तशी धूळ. त्या वाटेवर दुसरं काही चढायचं नाही. लोकांनी गाडीचं नाव घोडी ठेवलं होतं. चिमी स्वतः ती चालवायची. लसी, गोळ्या, बाळंतिणीचं सामान घेऊन वर जायची आणि येताना कधीकधी एखादा आजारी माणूस घेऊन यायची.

गेल्या पावसात ओढ्याच्या मधोमध घोडी बंद पडली होती. पाणी इंजिनाच्या नाकातोंडात गेलं. मिस्त्रींनी तेव्हा सगळं उघडून सुकवलं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन नळ्या वर नेल्या. एक इंजिनाने हवा आत ओढायची. दुसरी ब्रीदरची. इंजिनाच्या पोटात जो वाफारा साठतो तो या दुसऱ्या नळीतून बाहेर जातो. दोन्ही नळ्या त्यांनी काचेच्या कडेने थेट टपापर्यंत चढवल्या. काम इतकं नेटकं झालं की पेंटरनेही भिंतीपलीकडून न बोलता समोर येऊन पाहिलं.

"आता गळ्यापर्यंत पाण्यात गेलीस तरी हिला काही होणार नाही," मिस्त्री बहिणीला म्हणाले. मग टपाजवळच्या नळ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "फक्त धूळ सांभाळ. वर धूळ फार. आत जाता कामा नये."

पाऊस गेला, वाट सुकली आणि घोडी गळायला लागली.

पहिल्यांदा मिस्त्रींनी फार मनावर घेतलं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथे खाली थेंब धरला होता. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागचं तेल अडवणारं सील गेलं असणार. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, नवं सील बसवलं. गावात चक्कर मारून आणली. खाली पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठा कोरडा.

"घेऊन जा," ते म्हणाले. "आता विसर."

चिमी विसरली नाही, कारण दोन फेऱ्यांनंतर इंजिनातलं ऑइल पुन्हा खाली गेलं होतं. तिने गाडी नळावर नेली, वरून खालून स्वच्छ धुतली आणि आणून उभी केली. मिस्त्री खड्ड्यात उतरले. वरती सगळं लखलखीत होतं. कुठून आलं, कुठे गेलं, काही पत्ता नाही.

"कुठे गळतं?" त्यांनी खालून विचारलं.

"मी काय खाली झोपून चालवते का?" चिमी वरून म्हणाली. "वर गेल्यावर थांबले, तर खाली डाग."

"मध्ये की पुढे?"

"खाली, दादा. डाग खालीच पडतो."

त्यांनी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, खालच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग बदललं, फिल्टरही नवा घातला. गाडी गावात कोरडी, डोंगरावर ओली. पुन्हा आली, पुन्हा धुतलेली. या वेळी त्यांनी पुढचं सील बदललं. काही दिवस बरे गेले. मग चिमीचा फोन आला. मिस्त्री उभे राहून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि पाना पुसला.

पेंटरला तर विषयच मिळाला. "मिस्त्री," पत्र्यापलीकडून आवाज आला, "मी काय म्हणतो, ऑइलचा रंगच पांढरा करू. डाग दिसणार नाही."

"तू तुझं बघ."

"माझं काय, माझा रंग एकदा लावला की लागला. गळत नाही."

घरीही सुटका नव्हती. जेवताना मिस्त्रींचं लक्ष ताटात नसायचं. एकदा त्यांनी आमटीच्या वाटीवर बोट आपटून तरंग बघितले, तेव्हा बायको म्हणाली, "माझ्या सवतीची तब्येत कशी आहे आज?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी झोप मोडली नाही तुमची. अहो, तो घास तरी गिळा."

मिस्त्रींनी घास गिळला आणि म्हणाले, "दाब असेल का?"

"कुणाला? तुम्हाला? मी केव्हाची सांगतेय, दाखवून घ्या."

त्यांना इंजिनातला दाब म्हणायचं होतं. पोटात वाफारा कोंडला तर तो सीलांना ढकलतो, आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. कुठलाही जुना मेकॅनिक आधी हेच बघतो. दुसऱ्या दिवशी घोडी आली तेव्हा त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण सैल केलं आणि वर तळहात धरला. हाताला जेमतेम फुंकर लागली, कुठल्याही निरोगी इंजिनाची लागते तेवढीच. झाकण जागच्या जागी बसून राहिलं.

"दाब नाही," ते स्वतःशी म्हणाले. तो विषय त्यांनी मनातून काढून टाकला. त्यांच्या हातून झालेली चूक म्हणायची तर एवढीच.

पुढे जे झालं ते बघवत नव्हतं. गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. क्रँक झिजला असेल म्हणून त्यांनी लेथवाल्याला बोलावून माप घ्यायला लावलं. क्रँक ठीक होता. सील खोटं असेल म्हणून दुसरीकडून मागवलं. तेही गळलं. त्यांचं कामातलं बोलणं कमी झालं. गिऱ्हाइकांवर ते खेकसायला लागले. एका ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी नुसत्या टायरला लागलेल्या मातीसाठी दोनदा नळावर परत पाठवलं. बोल्ट सोडवताना पाना सटकला की ते तो हात डोळ्यांसमोर धरून बघत बसत, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

त्यातच आरोग्य खात्याचे साहेब केंद्रावर येऊन गेले. घोडीच्या दुरुस्त्या फार झाल्या, असं त्यांचं मत पडलं. आणखी एकदा बंद पडली तर ती मोडीत काढायची. दुसरी मिळेपर्यंत वरच्या वस्त्यांची फेरी बंद. वरच्या लोकांनी खाली येऊन औषध घ्यावं.

"खाली येतील?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोण येणार?" चिमी म्हणाली. "ज्याला चालता येतं त्याला माझी गरज नाही. ज्याला गरज आहे त्याला चालता येत नाही." ती शेडच्या उंबऱ्यावर बसली होती. "आणि दुसरी गाडी कधी मिळते ते तुलाही माहीत आहे, मलाही."

मिस्त्री खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. मग म्हणाले, "तू चालवतेस कशी पण? रेटतेस का हिला?"

"म्हणजे?"

"चढावर खालच्या गिअरात नुसती किंचाळवत नेतेस. मग इंजिन काय करणार?"

"पंधरा वर्षं चालवतेय मी. तेव्हा नाही गळली."

"तेव्हा नवी होती."

"तेव्हा तूही नवा होतास," चिमी पटकन बोलून गेली. शब्द बाहेर पडले आणि तिलाच ते ऐकू आले. तरी ती थांबली नाही. "दादा, राग मानू नकोस. सील बसवताना हात थरथरतो तुझा. मी बघितलंय."

मिस्त्रींनी पाना पुसला. पुन्हा पुसला.

"घेऊन जा गाडी," शेवटी ते म्हणाले.

चिमी गेली. त्या आठवड्यात दोघांचं बोलणं झालं नाही. मिस्त्री रोज शेड उघडायचे, एक जुना क्रँक फळीवरून काढायचे आणि त्यावर सील बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. काठ कुठे दुमडतो का, बोट फिरवून बघायचे. एकदाही दुमडला नाही. त्याने समाधान व्हायला हवं होतं. उलट वैताग वाढला. हात चुकत नाही, सील चुकत नाही, क्रँक चुकत नाही. मग तेल काय हवेतून येतं?

मग भर दुपारी फोन आला. चिमी वर डोंगरावर अडकली होती. चढावरच ऑइलचा लाल दिवा लागला. तिने त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि मागच्या चाकांना दगड लावले. बरोबर लसींची पेटी होती. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला असता.

"कुणाला सांगितलंस?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुलाच."

"साहेबांना सांगू नकोस अजून."

पेंटरची मोटारसायकल होती. तो हातातला ब्रश तसाच डब्यात सोडून निघाला. मिस्त्री मागे बसले, मांडीवर ऑइलचा डबा, गळ्यात हत्यारांची पिशवी. ओढ्यापर्यंत मोटारसायकल गेली, पुढे दोघं चालले. पेंटर वाटभर बोलत होता. मिस्त्री दम खायला दोनतीनदा थांबले. पेंटरला ते नवं होतं.

वळणावर घोडी दिसली. मिस्त्री जागीच उभे राहिले.

इतक्या महिन्यांत त्यांनी ती अशी पाहिलीच नव्हती. न धुतलेली. अंगावर धुळीचा थर आणि त्या थरावर तेलाने आपली सगळी वाट उमटवली होती. बॉनेट उघडलं तर मागून तेल, पुढून तेल, वरच्या झाकणाच्या कडेने तेल, अगदी ऑइल मोजायच्या पट्टीच्या नळीतूनसुद्धा तेल वर आलेलं. एका जागेची गळती नव्हती ती. जिथे फट मिळेल तिथून इंजिन घाम फुटावा तसं पाझरत होतं.

त्यांनी ऑइल भरलं. "चालू कर," ते म्हणाले.

चिमीने चालू केलं. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण सैल केलं मात्र, ते ताडकन उडालं आणि पेंटरच्या छातीवर बसलं. मागोमाग काळा वाफारा.

"अरे बापरे," पेंटर म्हणाला. "हिला तर गॅसेस झालेत."

मिस्त्री हसले नाहीत. ते ब्रीदरच्या नळीवरून हात फिरवत निघाले. इंजिनापासून काचेच्या कडेने वर. स्वतःच बसवलेली नळी. ती बसवल्यापासून तिच्या टोकाकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच, काम नेटकं झालं होतं. आता बंपरवर पाय देऊन ते चढले. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. तिच्या आत काहीतरी कडक. नखाने ओढलं तर निघेना. सुरीने कापलं. हातात आली धूळ आणि तेल पिऊन दगड झालेली एक काळी खपली.

"हे काय आहे?"

चिमी खिडकीतून डोकावली. "गॉज आहे. जखमेला लावतात ती."

"इथे?"

"धूळ जाऊ नये म्हणून. दुसऱ्या नळीला गाळणी आहे, हिचं तोंड उघडंच होतं. तूच म्हणालास, वर धूळ फार, आत जाता कामा नये. तिथेच बोट दाखवलंस."

"कधीपासून आहे?"

"नळी वर घेतलीस तेव्हापासून. बदलते ना मी, अशी नाही ठेवत. तुझ्याकडे आणायच्या आधी धुते तेव्हा दर वेळी नवी बांधते. मळकी गाडी तुला चालत नाही."

मिस्त्री बंपरवरून खाली उतरले. शेजारी दगड होता, त्यावर बसले. दर वेळी स्वच्छ गाडी. दर वेळी नवी पट्टी, श्वास मोकळा. म्हणूनच हाताला फुंकर लागत होती. म्हणूनच गावात कोरडी. डोंगरावर धूळ चढली की नाक बंद आणि पोट फुगलेलं.

"एकदा सांगायचंस तरी, चिमे."

"तू विचारलंस कधी? तू विचारायचास, रेटतेस का."

"धुवायची काय घाई होती दर वेळी?"

"धुतल्याशिवाय आत घेतलं असतंस?"

मिस्त्रींनी पिशवीतून पाना काढला, पण पुसायला चिंधी सापडेना. ओरडायला कुणी हवं होतं आणि समोर कुणीच नव्हतं. बहिणीने त्यांचं ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं, शब्दनशब्द. त्यांनी तो पाना दूर भिरकावला. दगडांवर आपटत तो खालच्या वळणापर्यंत गेला.

"आता तो आणायला मी जाणार नाही," पेंटर म्हणाला.

चिमीच आधी हसली. मग हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले. "मी तुझ्या हाताला बोलले, दादा."

"थरथरतो तो," मिस्त्री म्हणाले. "ते खोटं नाही. पण गळत नाही त्याच्याने."

लसी वेळेत पोचल्या. नळीचं तोंड उघडं ठेवून घोडी वर गेली आणि खाली आली. तिला शेडमध्ये घेताना नळाकडे वळायला लागलेल्या चिमीला मिस्त्रींनी हात करून थांबवलं. "तशीच आण," ते म्हणाले. पेंटर हे बघायला मुद्दाम बाहेर आला होता.

दाबाने सगळी सीलं आधीच बाद झाली होती. मिस्त्रींनी गिअरबॉक्स शेवटचा उतरवला, पुढचं मागचं सील एकदाच बदललं. त्यानंतर घोडी वर जाऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. खाली टाकलेला पुठ्ठा कोराच राहिला. साहेबांनी ऑइलची पट्टी स्वतः काढून बघितली. मोडीत काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मिस्त्रींचा वैताग मात्र उतरला नाही. नळीचं तोंड उघडं होतं. तूर्त त्यांनी ते खालच्या दिशेला वाकवून दिलं होतं, पण त्यांना ते पसंत नव्हतं. धूळ आत जाऊ नये आणि वाफारा बाहेर यावा, असं काहीतरी हवं होतं. बाजारात मिळणारी नळीची टोपी त्यांनी आणली, फुंकून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग स्वतः करायला घेतली. पत्र्याची लहानशी डबी, आत जाळीचे दोन पडदे, मध्ये वळण, म्हणजे हवा फिरून जाईल आणि धूळ खाली पडेल. पहिली जड झाली. दुसरीत जाळी फार बारीक. "हिचंही नाक बंद होईल," म्हणून ती मोडली. तिसरी जमत आली होती. बायको जेवायला बोलवायची आणि ते 'अगं, आलो बाई' म्हणायचे आणि यायचे नाहीत.

एके दिवशी सकाळी पेंटरने पत्र्यापलीकडून काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग तो उठून आला. मिस्त्री स्टुलावर बसले होते, भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. ते काहीतरी ऐकत आहेत असंच त्याला वाटलं. म्हणून तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. तेवढ्या वेळासाठी तो अजून स्वतःला माफ करत नाही. डॉक्टर म्हणाले, मिस्त्री आधीच गेले होते, त्याने काही फरक पडला नसता.

चिमी तेव्हा वर होती. तिला कळवायला माणूस पाठवावा लागला. ती घोडी चालवत खाली आली, धुळीने माखलेली, आणि सरळ शेडमध्ये शिरली.

तिसरी डबी अजून शिकंज्यातच आहे. दोन्ही जाळ्या आत बसल्यात. नळीवर बसणारा गळा तयार आहे, आतून घासून गुळगुळीत केलेला. झाकण बाजूला पडलंय. त्याला भोकं पाडायच्या खुणा केल्यात आणि एकच भोक पाडून झालंय.